कुंपणाबाहेरची तक्रार

धरणात गाव बुडालं, शाळा बुडाली आणि रेवूचा शाळेचा दाखलाही बुडाला. नव्या गावातले मुख्याध्यापक म्हणाले, "दाखला नाही तर वर्ग नाही." तेव्हापासून रेवू फाटकाबाहेर बसून आतले पाढे ऐकायची. शेजारी तिची आई हौसा बसायची. त्या दोघींशी बोलणारं गावात कुणी नव्हतं.

शेवटी हौसा एकटीच जिल्ह्याच्या लोकपालांकडे गेली. लोकपाल देवस्थळी साहेबांनी अर्जावर शाळेचं नाव बघताच पुढचं न वाचता तो बाजूला सारला.

"बाई, शाळेच्या कुंपणाच्या आत काय चालतं, ते बघायचा मला अधिकार नाही."

"आणि कुंपणाबाहेरचं?"

"बाहेरचं सगळं माझ्याकडे येतं," साहेब ऐटीत म्हणाले.

"तेवढं लिहून द्या."

साहेबांनी झोकात लिहून सही ठोकली.

हौसानं कागदाची घडी घातली. "मग चला साहेब. माझी लेक चार महिने कुंपणाबाहेरच बसलीय. तिला आत घेतलं असतं, तर मी तुमच्याकडे आलेच नसते."

साहेबांना उठावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी रेवू आत बसून पाढे म्हणू लागली. फाटकाबाहेर हौसा एकटीच ऐकत राहिली. या गावात तिच्या ओळखीचा तेवढाच एक आवाज होता.