मागे फिरायचं कडवं

खैरमाळच्या चर्चमध्ये पश्चात्तापाचं गीत सुरू झालं आणि ‘मागे फिर, जिवा, दार उघडं आहे’ ही ओळ आली, की सगळी मंडळी खरोखरच मागे फिरतात आणि दाराकडे तोंड करून गातात. पाळकसुद्धा भिंतीकडे वळतात. नवखे पाहुणे बावचळतात. मग चर्चची देखभाल करणारे नथानियलबाबा त्यांना बाहेर लिंबाखाली बसवतात आणि कारण सांगतात.

फार पूर्वी इथे लाजरस नावाचा गडी होता, म्हणे. एका रविवारी त्याच्या मुलीला, शलोमीला, बघायला पाहुणे यायचे होते आणि घरात पिठाशिवाय काही नव्हतं. बिचाऱ्याने सकाळीच मार्थाबाईच्या मळ्यातला कोंबडा उचलला आणि घोंगडीत दडवला. पण घर गाठायच्या आत वाटेत पाहुणेच भेटले. “चला लाजरसराव, आधी उपासना, मग जेवण!” म्हणत मुलाच्या बापाने त्याला थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. पाठीमागेच मार्थाबाई!

पाळक त्या दिवशी हे गीत नव्यानेच शिकवत होते. लाजरसला वाटलं, एकेक शब्द आपल्यालाच उद्देशून आहे. तेवढ्यात घोंगडीत कोंबडाही चुळबुळ करू लागला. तो आरवला असता तर सोयरीक तिथेच मोडली असती.

“अरे, नुसतं गाताय काय? मागे फिरा!” पाळक कळवळून म्हणाले. मंडळी नवी, आज्ञाधारक. सगळी उठली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. पाळकांनी कपाळाला हात लावून भिंतीकडे तोंड केलं.

लाजरसला रडूच आलं. त्याने कोंबडा अलगद पुढच्या टेबलावर ठेवला आणि तोही मागे फिरला. कोंबड्याने तिथूनच बांग दिली.

“अगं बाई, माझा राजा!” मार्थाबाई ओरडली. कुणी आणला, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

दुपारी पाहुण्यांना पिठलं-भाकरी मिळाली. लाजरस मान खाली घालून वाढत होता. मुलाच्या बापाने ताट पुसून खाल्लं आणि हळूच म्हणाला, “व्याही, मागे फिरायला मला जरा उशीरच झाला होता.” लाजरसच्या हातातला डाव गळून पडला. “घाबरता काय? ठेवून आलात ना? पोरगी पसंत आहे आम्हाला.”

आजही त्या ओळीला सगळे मागे फिरतात आणि गीत संपेपर्यंत टेबलावर कुणाची विळी, कुणाचा दोर, कुणाचं घमेलं येऊन पडलेलं असतं. पाळकांची छत्री तेवढी अजून आलेली नाही. म्हणून ते कडवं हल्ली दोनदा म्हणायला लावतात, असं नथानियलबाबा सांगतात, आणि उन्हासाठी डोक्यावर धरलेली छत्री घाईघाईने मिटतात.