उष्ट्या मातीचा शाप

एका राज्यात राजवाड्याची गच्ची कुंड्यांनी भरलेली होती. हौसा माळीण शेणखत, पालापाचोळा, राख आणि निंबोळी पेंड कालवून माती मुरवी आणि राजा मणिकेतूच्या ताटातली भाजी तीत पिकवी. माती अशी, की काडी खोचावी आणि तिला पालवी फुटावी. पण राजा सोवळ्याओवळ्याचा मोठा. एकदा पीक दिलेली माती त्याच्या लेखी उष्टी. भाजी खुडून झाली, की कुंड्या तटापलीकडे पालथ्या करायच्या, असा रिवाज. हौसाचा जीव तुटे, पण राजापुढे शहाणपण कुणी चालवावं? ती मुकाट्याने टोपल्या उपसे.

एके वर्षी तिने शेवटची टोपली ओतली आणि ढिगाऱ्यावरची साळुंकी माणसासारखी बोलली, "मातीने शाप दिला आहे. जिला उष्टी म्हटलंत, तिच्या बहिणीही तुम्हाला आता घास देणार नाहीत."

त्या दिवसापासून राज्यात बी रुजेना. कोठारांचे तळ दिसू लागले. हौसाची लेक सुगंधा नुकतीच बाळंत झालेली. घरात मेथीची भाजी नाही, शेपू नाही. तिला दूध येईना आणि तान्ह्याचं रडणं दिवसेंदिवस बारीक होत चाललं. ते ऐकवेना, तेव्हा हौसा ढिगाऱ्यापाशी गेली.

"टाकणारे हात माझेच. उपाय सांग, बाई."

"तीन कामं," साळुंकी म्हणाली. "माती परत ने, चाळ, जुनी मुळं वेच; पण एकही गांडूळ दुखावू नकोस. मग तिने दिलं तेवढं तिला खाऊ घाल. तिसरं काम तुझ्या हातचं नाही. ज्याने तिला उष्टी म्हटलं, त्याने भुकेल्या जिवाच्या मागून, त्याच ताटात जेवावं."

हौसाने थोडी माती घरी आणली आणि गांडुळं जपत, बोटं सोलवटेपर्यंत चाळली. चुलीतली राख, शेण, वाळला पाला तिला घातला. वेचलेली मुळंसुद्धा कुजवून तिची तिलाच परत दिली. मग थोडे दिवस तिला निजू दिलं. बाळंतिणीच्या लाडवांसाठी जपलेले मूठभर मेथीदाणे घरात उरले होते. ते हातात घेऊन ती बराच वेळ बसली. शेवटी तिने ते पेरले.

सातव्या दिवशी एक जुडी मेथी आली. हिरवा वास राजवाड्यापर्यंत गेला आणि उपाशी राजा स्वतः तिच्या दारी आला.

"पहिली जुडी राजाची, हा रिवाज आहे."

"नव्या मातीतली, महाराज. ही उष्ट्या मातीतली आहे."

आत सुगंधा भाजी खात होती आणि तान्हं तिच्या अंगावर चुटुचुटु पीत होतं.

"उष्ट्यातलं बाळंतिणीला घालतेस?" राजा म्हणाला.

"बाळ रोज पितं. म्हणून आई उष्टी होते का, महाराज?"

राजा त्या मायलेकरांकडे पाहत राहिला. सुगंधा उठली तसा तो जमिनीवर बसला, तिचं ताट त्याने पुढे ओढलं आणि उरलेले दोन घास खाल्ले. घरात मीठ संपलं होतं, तरी भाजी त्याला खारट लागली.

ताट पुसून होतं न होतं, तोच राज्यातलं पेरलेलं सारं बी एकदम रुजून वर आलं. साळुंकी उडाली आणि पुन्हा माणसासारखी कधी बोलली नाही.

तटापलीकडे उरलेल्या मातीची पहिली टोपली राजाने स्वतःच्या डोक्यावरून आणली. त्या गच्चीवर अजून तीच माती आहे. दर हंगामाला ती चाळतात, खाऊ घालतात, थोडी निजू देतात. आणि मेथीची पहिली जुडी राजवाड्यात जात नाही. ती गावातल्या बाळंतिणीकडे जाते.