माती कुणाच्या अंगाला

“...मग वस्ताद, त्याला तुम्ही बाहेर काढतायसा, का आम्ही काढू?”

सर्जेरावानं हे विचारलं, तेव्हा तालमीच्या दारात निम्मं गाव जमलं होतं. हलगी कडाडत होती. परप्रांतातून आलेल्या मजुरांच्या झोपड्या रिकाम्या करायला मोर्चा निघायचा होता. आणि मोर्च्याचा पुढारी कोण, तर आपला सर्जेराव! पंचगंगेकाठचा नावाजलेला मल्ल. छाती मूळचीच रुंद, त्या सकाळी तर दारात मावत नव्हती.

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती खोऱ्यानं वरखाली करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाला काढायचं म्हणतोस?”

“ह्या रामसूरतला! गुऱ्हाळावर आमचं काम खाल्लं ते खाल्लं, वर आमच्याच हौद्यात जोर मारतोय!”

रामसूरत कोपऱ्यात लंगोट कसून उभा होता. बिहारहून गुऱ्हाळावर मजुरीला आलेला गडी. कामाआधी तालमीत येऊन घाम गाळायचा. आताही बैठका मारून तेलाघामानं नुसता निथळत होता. पळावं असं काही त्याच्या मनात दिसत नव्हतं.

“त्यानं तुझं काय वाकडं केलंय?” वस्तादांनी विचारलं.

“माझ्या थोरल्या भावाचं काम गेलंय, वस्ताद! चुलवाणाला जाळ घालण्यात जन्म गेला त्याचा. गुऱ्हाळाचा मालक म्हणतोय, ही माणसं निम्म्या मजुरीत राबत्यात, तू कशाला पायजेस? आज भाऊ घरात तोंड लपवून बसतोय आन् वहिनी दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाती...”

लोक सर्जेरावाला बढाईखोर म्हणत, आणि होताच तो तसा. पण हे दुःख काही दिखाऊ नव्हतं.

“हमने तो पूरी मजूरी माँगी थी, भैया,” रामसूरत हळूच म्हणाला. हलगीच्या दणक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. वस्तादांना मात्र गेलं.

“खरं हाय तुझं,” ते सर्जेरावाला म्हणाले.

सर्जेराव चपापला. तो शिव्या खायच्या तयारीनं आला होता.

“मग येतायसा मोर्च्यात?”

“येतो की. तुझ्याबी पुढं चालतो... पण आधी ह्याला चीत कर.”

झालं! गावाला आणखी काय हवं होतं? पोरं खिडक्यांवर चढली, हलगीवाला दारातून आत घुसला. सर्जेरावानं सदरा भिरकावला. अंगात वारं शिरल्यासारखं झालं त्याला. मोर्च्यात साक्षात वस्ताद असले, तर कोण अडवणार होतं!

दोघं हौद्यात उतरले. रामसूरतनं रिवाजाप्रमाणं मूठभर माती उचलली आणि सर्जेरावाच्या मानेला, दंडाला चोळली. आता पाळी सर्जेरावाची.

त्यानं हात मागं घेतला.

“ही माती आमच्या गावची हाय. ह्याच्या अंगाला मी लावणार न्हाय!”

टाळ्या! शिट्ट्या! वस्ताद खोरं ठेवून हौद्याच्या काठावर बसले.

“बरं...” ते म्हणाले.

कुस्ती लागली. सर्जेरावानं मान धरली, हात निसटला. मनगट धरलं, तेही सुटलं. पट काढायला वाकला, तर मांडी हातात येते न येते तोच गेली. रामसूरतची बोटं मात्र त्याच्या मातीभरल्या दंडावर घट्ट बसत होती. सर्जेराव गुडघ्यावर आला. उठला, पुन्हा आला. हलगी अडखळायला लागली.

“वस्ताद... हात घसरतोय! पकडच बसंना!”

“कशी बसंल?”

वस्तादांनी वाकून मूठभर माती उचलली आणि सर्जेरावाच्या हातावर ठेवली.

सर्जेराव त्या मातीकडं बघत राहिला. तालमीत पाऊल टाकलं त्याच दिवशी शिकलेली गोष्ट... समोरच्याला माती चोळायची, म्हणजे आपला हात घसरत नाही. घोषणांच्या भरात नेमकी तीच विसरला होता! तोंड लाल झालं त्याचं. पण गडी अस्सल पैलवान होता. रामसूरतच्या खांद्याला, पाठीला, दंडाला त्यानं माती चोळली. अगदी मन लावून चोळली.

आणि मग काय कुस्ती झाली म्हणता! दंडाला दंड भिडले, हौदा दणाणला. रामसूरतनं एकेरी पट काढला, सर्जेरावानं तो तोडला. सर्जेरावानं कलाजंग टाकला, रामसूरत त्यातून सुटला. कुणाच्या बाजूनं ओरडतोय याचं भान लोकांना उरलं नाही. शेवटी सर्जेरावाची ढाक अशी काही बसली, की रामसूरत पाठीवर आला आणि त्याला हसू फुटलं.

“वा, भैया!”

पटके उडाले. सर्जेराव आनंदानं बेभान झाला होता. छाती धपापत होती.

“वस्ताद! शब्द दिलाय तुम्ही. चला मोर्च्यात!”

वस्ताद उठले. खुंटीवरचा पटका काढून डोक्याला बांधला. दारातली माणसं बाजूला झाली, हलगी पुन्हा कडाडली. उंबऱ्यात पोचल्यावर ते थांबले आणि मागं वळले.

“आलो की... पण त्याला उठव आन् संगं घे. मोर्चा गुऱ्हाळावर न्यायचा, मालकापुढं पकड लागंल.”