तीन दिवसांत झिजवलेली खुर्ची

“दीडशे वर्षांची वाटते की नाही?”

जयसिंगनं हे विचारलं तेव्हा शुक्रवार होता, सकाळचे अकरा. पुण्यातल्या त्याच्या कारखान्यात गिऱ्हाईक खुर्चीभोवती फिरत होतं. सागवान नवं, रूप मात्र एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यातलं.

उत्तर यायच्या आत मिरजेहून फोन आला. झुलेखाचाची गेल्या.

चाची म्हणजे दस्तगीर उस्तादांची बायको. उस्तादांकडे जयसिंग अकरा वर्षं लाकडाचं पॉलिश शिकला. अकरा वर्षं चाचीनं त्याला जेवू घातलं. आणि अकरा वर्षांत उस्तादांनी एकदाही “जमलं” म्हटलं नाही.

मंगळवारी तो निघाला. टेम्पोत ती खुर्चीही घातली. कोल्हापूरला पोचवायचीच आहे आणि मिरज वाटेतच आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. फारसं वाटेत नव्हतं.

उस्ताद खोलीत चटईवर बसले होते. जयसिंग त्यांच्यासमोर टेकला.

“जेवलास?”

“हो, उस्ताद.”

“खोटं बोलतोस. ती असती तर विचारत बसली नसती, ताट वाढलं असतं.”

मग त्यांची नजर दाराबाहेर गेली. “टेम्पोत काय आहे?”

“काम आहे. कोल्हापूरला चाललंय.”

“मला दाखवायला आणलंस. उतरव.”

खुर्ची आत आली. उस्तादांनी चष्मा काढून खिशात ठेवला. लाकूड ते बोटांनी बघत.

“कोणाकडे जाणार ही?”

“बिल्डर आहेत. नवव्या मजल्यावर घर. सगळं राजवाड्यासारखं हवंय त्यांना. झुंबरं, हरणाची शिंगं... शिंगं फायबरची. भिंतीवर फेटेवाल्या पूर्वजांचे फोटो.”

“त्यांचे पूर्वज?”

“नाही. जुन्या बाजारातून आणलेत.”

“मग पितृपक्षात जेवायला कोणाला घालतात रे?”

जयसिंगला हसू फुटलं. चाचीला जाऊन आज पाचवाच दिवस, हे आठवून त्यानं ते आवरलं. बघतो तर उस्तादही हसत होते.

“खड्डे कशानं पाडलेस?”

“सायकलची चेन मारली. किडीची भोकं दाभणानं. डाग चहाच्या पाण्याचे. खुर्चीचे हात घासून घासून झिजवले.”

“किती दिवस?”

“तीन.”

उस्तादांची बोटं खुर्चीच्या उजव्या हातावरून फिरली, मग डाव्या. पुन्हा उजव्या.

“कोण बसायचं हिच्यात?”

“कोणीच नाही. नवी आहे, उस्ताद.”

“दोन्ही हात सारखे झिजलेत.”

“सारखे नकोत?”

उस्तादांनी खिडकीकडे बोट केलं. तिथं चाचीची खुर्ची होती. साधी, बिननक्षीची. लग्नाच्या वर्षी उस्तादांनीच केलेली.

“बस तिच्यात.”

“चाचीच्या खुर्चीत?”

“बस म्हटलं ना.”

जयसिंग बसला. खुर्चीच्या उजव्या हातावरचं पॉलिश अजून चकाकत होतं.

“आता ऊठ. डावा गुडघा दुखतोय, असा ऊठ.”

उठताना त्यानं खुर्चीच्या डाव्या हाताचं टोक धरलं. त्याचा तळवा आपोआप एका खळग्यात गेला. तिथं पॉलिश नव्हतंच. चार बोटांच्या चार जागा होत्या... त्याच्या बोटांहून लहान.

तो अर्धवट उठलेला तसाच थांबला.

थोड्या वेळानं त्यानं टेम्पोतून चपड्याच्या पॉलिशची बाटली आणि चिंध्या आणल्या.

“उस्ताद, मी करून देतो हिला. हा खळगा भरून घेतो. संध्याकाळपर्यंत नव्यासारखी दिसेल.”

“जुनी करायला तीन दिवस, नवी करायला एक दुपार... हुशार आहेस.”

असं म्हणत उस्तादांनी खळग्यावर आपला तळवा ठेवला. जयसिंगनं बाटलीचं बूच परत लावलं.

“एवढं तरी सांगा,” तो म्हणाला. “माझी जमलीय का? आजवर एकदाही बोलला नाहीत.”

उस्ताद जयसिंगच्या खुर्चीत जाऊन बसले. पाठ टेकली. डोळे मिटले. बाहेर टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, तरी बसून राहिले. मग खुर्चीच्या उजव्या हाताचा आधार घेऊन सावकाश उठले.

“ने आता. एक माणूस बसून उठलंय हिच्यातून.”

जयसिंगनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. खुर्ची उचलून दारापर्यंत नेली आणि तिथं थांबला.

“चाचीची मग तशीच ठेवणार?”

उस्तादांनी चष्मा लावला. खिडकीकडे बघितलं.

“दर ईदला म्हणायची, एकदा माझ्या खुर्चीला पॉलिश करून द्या. लोकांच्याच करत बसलो... तिची राहिली.”