कांद्याची राखण

भाजीपालाही माणसांशी बोलायचा, तेव्हाची गोष्ट. सगुणामावशीने तळणासाठी कांदा सोलला आणि साल उकिरड्याकडे नेलं.

"जन्मभर मीच याला उन्हावाऱ्यापासून जपलं," साल कळवळलं. "आता याच्याकडे कोण बघणार?"

मावशी थबकली. तळलेला कांदा बरणीत आठ दिवसांत खवट व्हायचा, हे तिलाही सलत होतं. "परत जाशील त्याच्याकडे? पण तुझं रूप राहणार नाही, बघ."

"न राहो."

मावशीने साल नुसत्या पाण्यात उकळलं, तांबूस काढा आटवून वाळवला आणि त्याची चिमूटभर पूड बरणीत घातली.

महिना लोटला, तरी कांदा खवट झाला नाही. "इथं कुणीतरी ओळखीचं आहे," असं तो रोज म्हणायचा, आणि बरणीच्या तोंडाकडे डोळे लावून सालाची वाट बघायचा.