हैबतीनं बांधलेला झिंगा

तळ्याकाठच्या एका गावात एक भोळा गडी राहायचा. नाव हैबती. त्या नावाला कुणी घाबरत नसे. पण सांगितलेलं काम तो मन लावून करायचा, त्याला मात्र सगळं गाव घाबरायचं.

हैबतीचं लग्न वरच्या आळीतल्या कौसाशी ठरत आलं होतं. कौसाला तो पसंत होता. तिचे वडील गेनूआबा यांचंच अजून होय की नाही चाललं होतं. त्या गावच्या भोयांची एक रीत होती. सुपारी फोडायच्या दिवशी नवऱ्या मुलानं आपल्या गळाला लागलेली मरळ मुलीच्या दारात आणायची, गळ तोंडात तसाच ठेवून. मुलीनं आपल्या हातानं गळ सोडवायचा. सासूनं कालवण करायचं. मग सुपारी. मरळ नाही, तर सुपारी नाही.

आणि तळ्यातल्या मरळी झाल्या होत्या शहाण्या. गांडुळाकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. त्यांना हवा झिंगा. ऐन उन्हाळ्यात झिंगे सगळे कपारीत जाऊन बसलेले.

हैबतीच्या आईनं आपल्या भावाला, शिदूमामाला बोलावलं. मामा आला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "खोटा झिंगा बांधू. दोऱ्याचा आन् पिसांचा. पाण्यात खऱ्यासारखा दिसतो. पर बांधायचा तुझ्याच हातानं, हैबती. आन् मरळ लागली की डोकं मला वाढायचं. आधीच सांगून ठेवतो."

"शब्द दिला मामा."

"मग जा, नांग्यांसाठी कोंबड्याचं पीस आण."

हैबती गेला. परत आला तेव्हा काखेत शेजारच्या सोनाकाकूंचा अख्खा कोंबडा होता, आणि मागं केरसुणी घेऊन सोनाकाकू.

"मामा, पीस आणलं. जरा ओरडतंय."

"आरं मुडद्या!" मामा म्हणाला. "अख्खा कोंबडा कशाला? धरायचं, लागंल तेवढंच उपटून घ्यायचं. बाकीचं व्हतं तिथं सोडायचं!"

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

हैबती खरोखरच ध्यानात ठेवायचा. धास्ती तीच होती.

"आता झिंग्याच्या मिशा," मामा म्हणाला. "त्याला केस लागतो. जाड, ताठ, काळाभोर. कुठं चांगला दिसंल तिथनं आण."

मामाच्या डोळ्यांपुढे घोड्याची शेपटी होती. हैबती गावभर केस बघत फिरला. घोडा त्यानंही बघितला, पण त्याचे केस काही तेवढे काळेभोर वाटले नाहीत. मग तो देवळाच्या पारापाशी आला. पारावर गेनूआबा घोरत पडले होते. त्यांच्या मिशीसारखी मिशी पंचक्रोशीत नव्हती. जाड, ताठ, काळीभोर.

हैबतीनं धरलं. लागेल तेवढंच उपटून घेतलं. बाकीचं होतं तिथं सोडलं.

गेनूआबांची किंकाळी ऐकून देवळातली कबुतरं उडाली. झाडाखालची शेळी दावं तोडून पळाली. मिशीची डावी बाजू धरून गेनूआबा थेट हैबतीच्या दारात.

"शिदू, तुझ्या भाच्याला सांग! मरळ घेऊन आला तरच माझ्या दारात यायचं. नाय आला, तर सुपारी मोडली!"

ते गेल्यावर मामानं कपाळ धरलं. "आरं, माणसाच्या अंगाला हात लावायच्या आधी इचारावं. 'घेऊ का?' म्हणावं. हो म्हणला तर घ्यावं. नाय म्हणला तर गप सरावं बाजूला!"

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

केस मात्र झकास होते. मग बांधणी सुरू झाली. पाठीला घोंगडीची लोकर, डोळ्यांना काळे मणी.

"आता नीट ऐक," मामा म्हणाला. "गळावर अंगठा दाबून धर आन् वरनं दोरा गुंडाळत जा. मी म्हणंस्तवर अंगठा सोडू नगं."

हैबतीनं अंगठा दाबला. दोरा गुंडाळला. एक पदर, त्यावर दुसरा पदर, त्यावर लोकर, त्यावर गाठ.

"मामा, झिंगा झाला."

"बघू. आरं, अंगठा कुठाय तुझा?"

"झिंग्यात."

मामानं कात्री आणली. हैबतीची आई देव्हाऱ्यासमोर जाऊन बसली. अंगठा सुटला, झिंगा सुटला, मामाचा जीव मात्र अडकूनच राहिला.

"गाठ मारायच्या आधी अंगठा भाईर घ्यायचा, भाईर!"

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या खेपेला झिंगा बरा जमला. नांग्या गळाच्या बाकाकडे, शेपूट दोरीकडे.

"मामा, हा उलटा बांधला का आपण?"

"त्यातच मेख हाय. झिंगा भ्यायला की उलटा पळतो. तोंड मागं, पाठ पुढं. दोरी हातात घेतली की आपनच झिंगा व्हायचं. तोंड मागं, पाठ पुढं. समजलं?"

"समजलं."

दोघं तळ्यावर गेले. मामानं पहिल्यांदा झिंगा स्वतः फेकून दाखवला आणि दोरी हैबतीच्या हातात दिली. पाणी हललं. दोरी ताठ झाली. भली थोरली मरळ!

हैबती गुडघ्यावर बसला, पाण्यापाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाला, "मरळबाई, घेऊ का?"

मरळ काही बोलली नाही.

"घेऊ का हो?"

दोरी सैल पडली. हैबती गप बाजूला सरला. "हो म्हणाली नाही, मामा."

मामा मटकन खाली बसला. "आरं देवा! एकदा लागलं की इचारायचं नाय! काय लागलं, केवढं लागलं, बघायचं नाय. दोरी ताठ झाली की हिसका द्यायचा. तडफडू दे, उड्या मारू दे, दारात पोचंस्तवर सोडायचं नाय!"

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

सुपारीचा दिवस उजाडला. मामाला आदल्या दिवशीच्या उन्हानं ताप भरला होता, म्हणून हैबती एकटाच तळ्यावर गेला. जाताना सगळं मनात घोकत होता. काठावर बसला आणि झिंगा झाला. तळ्याकडे पाठ, गावाच्या वाटेकडे तोंड. गळ गरागरा फिरवला आणि दिला फेकून समोर. वाटेवर.

त्याच वेळी वाटेनं गेनूआबा येत होते. मुलीच्या जन्माचा प्रश्न, त्यांना घरात चैन पडेना. खास सुपारीसाठी शिवलेला नवा कोट अंगात होता. झिंगा सूं सूं करत आला आणि कोटाच्या कॉलरीत रुतला.

दोरी ताठ झाली.

"आरं, मी हाय! मी! गेनू!"

हैबतीनं विचारलं नाही. बघितलं नाही. हिसका दिला. पाठ पुढं करून मागं मागं सरत तो तळ्यात शिरला, आणि त्याच्यामागं गेनूआबा धप्पकन पाण्यात. गुडघा, कंबर, छाती. एक बुडी, दुसरी बुडी. वळसा घालून हैबती दुसरीकडून बाहेर निघाला आणि तसाच उलटा चालत गावात आला. कोट काढून टाकावा, तर नवा. ओढून घ्यावा, तर फाटेल. म्हणून गेनूआबा बोंबलत, पण कोट सांभाळत त्याच्या मागोमाग आले. त्यांच्याच मिशीचे केस त्यांच्याच गालाला गुदगुल्या करत होते.

कौसाच्या दारात पाहुणे जमले होते. अंगावर कांबळं घेऊन मामाही येऊन बसला होता.

"आणलं!" हैबती म्हणाला. "गळासकट. आन् मामा, अंगठा भाईर ठेवलाय, हे बघा."

रीत म्हणून कौसा पुढं झाली. ओठ दाबून, हसू दाबून तिनं वडिलांच्या कॉलरीतला गळ सोडवला. गेनूआबांनी कोट झटकला. तोच आतून काहीतरी सळसळलं आणि अंगणात पडून उड्या मारायला लागलं.

मरळ! हातभर लांब!

कौसा पटकन म्हणाली, "आबा, दोरी त्यांची, गळ त्यांचा, झिंगा त्यांच्या हातचा. त्याच दोरीनं ही वर आली की नाही?"

गेनूआबांनी मरळीकडे बघितलं. लेकीकडे बघितलं. उरलेल्या मिशीवरून हात फिरवला. लेकीचा चेहरा बघून त्यांचा राग थोडा उतरला असावा.

"फोडा सुपारी," ते म्हणाले.

मामानं डोळे पुसले. कुणीतरी अडकित्ता काढला. सुपारी पात्याखाली ठेवली. सगळ्यांच्या माना अडकित्त्याकडे वळल्या.

"कच्च" आवाज व्हायच्या आत कौसानं अंगणात बघितलं. मरळ नव्हती. हैबतीही नव्हता.

अडकित्ता तसाच थांबला, आणि थोड्या वेळानं हैबती तळ्याकडून पळत येताना दिसला. धापा टाकत होता, हात ओले होते आणि चेहऱ्यावर समाधान.

"मरळ कुठाय रं?" मामानं खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत की, मामा. लागंल तेवढंच घ्यायचं, बाकीचं व्हतं तिथं सोडायचं. गळाला लागलेले हे एवढे मोठे आपल्याकडे असताना ती कशाला?"

मग तो कौसाच्या आईकडे वळला आणि गेनूआबांकडे बोट दाखवून नम्रपणे म्हणाला, "आत्याबाई, चूल पेटवा. फक्त डोकं मामाला वाढा. शब्द दिलाय."