थांबणारं गाणं

ही गोष्ट फार जुनी नाही, पण विसरून जाण्याइतकी झाली आहे. बळवंतआप्पा अंथरुणाला खिळले होते. उशाशी रेकॉर्ड प्लेयर असायचा. तबकडीची एक बाजू संपली की सून शालन स्वयंपाकघरातून यायची, बाजू पालटायची आणि जाता जाता दोन शब्द बोलायची.

पुढे मुलाने छोटा स्पीकर आणला आणि तबकडी फळीवर गेली.

"अगं म्हातारे," स्पीकर म्हणाला, "तू एवढ्यातेवढ्याने दमायचीस. माझ्यासाठी कुणाला उठावं लागत नाही."

"खरं आहे बाबा," तबकडी थकल्या आवाजात म्हणाली. "म्हणूनच आता कुणी येत नाही."

स्पीकर हसला. पण मग त्याला दिसायला लागलं. गाणी दिवसभर चालूच असत आणि आप्पा दाराकडे बघत पडून असत. जेवणाचं ताट तेवढं आत यायचं, तेही मुकाट्याने.

एका दुपारी स्पीकर गाण्याच्या मध्येच मुद्दाम गप्प झाला.

शालन ओले हात पुसत आली. "आप्पा, बंद पडलं का हो हे?"

"पडू दे," आप्पा म्हणाले. "तू बस जरा."